बोअरचं पाणी बघायची टेक्निक माणसाच्या छातीला? भाच्याचं एमआरआयवालं संशोधन समजून घ्यायचंय

पाणीवाले_अण्णा (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा. मी कवठेमहांकाळ, जत, आटपाडी या पट्ट्यात बोअरला पाणी बघून देतो. नारळ हातावर ठेवणारा पाणाड्या नाही, रेझिस्टिव्हिटी मीटर घेऊन फिरतो. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, रानात एका रेषेत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून करंट सोडायचा, आतल्या दोघींत व्होल्टेज किती येतंय ते बघायचं, मग बाहेरच्या सळया लांब लांब नेत जायचं, जेवढ्या लांब तेवढा करंट खोल उतरतो. काळा पाषाण लागला की रीडिंग शेकड्यात जातं, फुटका खडक पाणी धरून बसला असेल तर विसा-पन्नासावर येतं, आणि शेतकरी बांधावर उभा राहून एकच विचारतो, अण्णा किती इंची लागंल.

तर आमचा भाचा. सांगलीच्या वालचंद कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्स केलं, मग बाहेर जाऊन पीएचडी, आता तिथंच लॅबमध्ये आहे. आक्का सगळ्या गल्लीला सांगते पोरगा एमआरआय काढतो. सध्या सुट्टीवर सांगलीत आलाय म्हणून एक दिवस जतला सर्व्हेला घेऊन गेलो. जमीन खडखडीत, मी सळईच्या बुडाला मिठाचं पाणी ओतायलोय तर हा हसायला लागला. म्हणे मामा आम्ही पण हेच करतो, फक्त मिठाच्या पाण्याच्या जागी जेल आणि रानाच्या जागी माणूस. येताना गाडीत बरंच सांगितलं, निम्मं डोक्यावरून गेलं, म्हणून त्यालाच इथं आयडी काढायला लावलाय. मला कळून घ्यायचंय की एमआरआयचं एवढं कोटीचं मशीन असताना परत करंट सोडायची गरज काय, आणि जमिनीत आम्ही जसे फसतो तसे हे लोक फसतात का नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी पण लिहा.

---

फेजवाला

मामा काढला बघा आयडी. पहिल्यांदा आक्काचा गैरसमज, मी कुणाचा एमआरआय काढत नाही, ते टेक्निशियनचं काम आणि ते माझ्यापेक्षा चांगलं करतात.

मूळ युक्ती तीच, यात काही शंका नाही. जमिनीत करंट सोडून नकाशे काढायचं काम फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्झेनं १९१२ मध्ये सुरू केलं, अमेरिकेत फ्रँक वेनरनं १९१५ च्या सुमारास सारख्या अंतरावरच्या चार इलेक्ट्रोडची मांडणी लिहून ठेवली. माणसापर्यंत यायला मात्र १९८० चं दशक उजाडलं. इंग्लंडात शेफील्डला डेव्हिड बार्बर आणि ब्रायन ब्राउन यांनी छातीभोवती १६ इलेक्ट्रोड लावले. शेजारच्या दोघांतून करंट द्यायचा, बाकीच्या शेजारशेजारच्या जोड्यांत व्होल्टेज मोजायचं, मग करंटची जोडी एक घर पुढं सरकवायची, असं करत पूर्ण चक्कर. करंट देणारे इलेक्ट्रोड ज्या जोडीत येतात त्या सोडल्या की १३ जोड्या उरतात, १६ गुणिले १३ म्हणजे २०८ रीडिंग. पण करंटची जोडी आणि व्होल्टेजची जोडी अदलाबदल केली तरी आकडा तोच येतो, त्यामुळं खरी नवी माहिती फक्त १०४ आकड्यांची. याला ईआयटी म्हणतात, इलेक्ट्रिकल इम्पिडन्स टोमोग्राफी, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावरून आतलं चित्र. मामांसारखे चारच इलेक्ट्रोड एका वेळी कामात असतात, कारण तेच, करंट देणाऱ्या इलेक्ट्रोडवर कातडीचा रेझिस्टन्स मधे येतो, म्हणून व्होल्टेज दुसऱ्या दोघांवर मोजायचं.

फसण्याबद्दल. मामा तुम्हीच गाडीत म्हणाला होता की एकाच ग्राफला दोन-तीन वेगवेगळ्या थरांचे हिशेब बसतात, पातळ थर पण चांगला वाहक, किंवा जाड थर पण थोडा कमी वाहक, मीटरला दोन्ही सारखेच. हे दुखणं आमच्याकडं दसपट आहे. बाहेरून मोजून आतलं काढता येतं का हा प्रश्न गणितात काल्देरोनच्या नावानं ओळखला जातो. आल्बेर्तो काल्देरोन, अर्जेंटिनाचा, गणिताकडं वळायच्या आधी तिथल्या सरकारी तेल कंपनीत इंजिनीअर होता, प्रश्न तिथंच डोक्यात आला, पेपर छापला १९८० मध्ये. उत्तर एकच निघतं हे बऱ्याच केसेसमध्ये सिद्धही झालंय, पण ते मोजमापात शून्य चूक धरून. प्रत्यक्षात व्होल्टेजमध्ये जराशी चूक आली की आतल्या चित्रात भलतीच मोठी चूक होते, आणि जेवढं मधोमध जाल तेवढं वाईट. त्यामुळं ईआयटीचं चित्र बघितलंत तर निराश व्हाल, नुसते रंगाचे डाग.

---

शंकेखोर_सांगलीकर

म्हणजे १०४ आकड्यांवरून फोटो काढायचा, तो पण धुरकट, आणि त्यासाठी पीएचडी. चालू द्या.

---

भूलतज्ज्ञ_मिरज

शंकेखोर, जरा थांबा. मी भूल आणि आयसीयू बघतो. धुरकट असलं तरी ते चित्र सेकंदाला ५० पर्यंत मिळतं आणि पेशंटच्या पलंगावर मिळतं, याची किंमत बाहेरून कळत नाही. व्हेंटिलेटरवरचा पेशंट, फुफ्फुसं कडक झालेली, एआरडीएस म्हणतो आम्ही, कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडी झालेला शब्द. हा माणूस उताणा झोपलेला असतो तेव्हा पाठीकडचा भाग मिटलेला राहतो आणि हवा सगळी पुढच्या भागात जाते. म्हणजे पुढचा भाग जास्त फुगून फाटायला आलेला आणि मागचा रिकामा, आणि व्हेंटिलेटरच्या स्क्रीनवर या दोघांची बेरीजच तेवढी दिसते. प्रेशर वाढवू का कमी करू हे मग अंदाजानं. सीटी काढला तर कळतं पण अशा पेशंटला चार नळ्या आणि सहा पंपांसकट सीटीला न्यायचं म्हणजे काय ते आमचे वॉर्डबॉय सांगतील.

ईआयटीचा पट्टा चौथ्या-पाचव्या फासळीच्या फटीच्या लेव्हलला छातीभोवती बांधतात, जर्मन ड्रेगर कंपनीचं मशीन मी एका कॉन्फरन्सच्या वर्कशॉपमध्ये हाताळलंय. हवा वीज नेत नाही, त्यामुळं श्वास आत गेला की फुफ्फुसाचा रेझिस्टन्स वाढतो, बाहेर आला की उतरतो, आणि पूर्ण खोल श्वासाला हा फरक चांगला दुप्पट-अडीचपट पडतो. श्वासागणिक कुठला भाग उजळला ते समोर दिसतं. तुम्ही पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेलं प्रेशर, दोन अंकांनी वाढवली आणि पाठीकडचा काळा भाग हळूहळू उजळायला लागला तर ते बघायला फोटो रेखीव कशाला पाहिजे. रेडिएशन शून्य, चोवीस तास बांधून ठेवता येतं, नवजात बाळांवरही वापरतात.

आपल्याकडं का दिसत नाही याचं उत्तर पैसा. मशीन महाग, पट्टे महाग, आणि बिलात लावायचं कशाखाली.

---

शंकेखोर_सांगलीकर

डॉक्टर हे पटलं. बदल बघायचाय, आकार नाही. पण मग एमआरआय यात कुठून आला? धाग्याच्या नावात एमआरआय आहे.

---

जिमखाना_विश्रामबाग

आमच्या जिममध्ये उभं राहिलं की फॅट दाखवणारं मशीन आहे ते पण हेच का? ट्रेनर म्हणतो १००% अॅक्युरेट. मला सकाळी २२ दाखवलं आणि संध्याकाळी २५. मधे फक्त एक भडंगची पुडी खाल्ली होती.

---

फेजवाला

@जिमखाना, तत्त्व तेच, ५० किलोहर्ट्झचा बारीक करंट एका पायातून दुसऱ्या पायात. चरबी वीज कमी नेते, स्नायू जास्त, त्यावरून शरीरातलं पाणी काढतात आणि पाण्यावरून एका फॉर्म्युल्यानं फॅट. पण गंमत बघा, पायापायाचा करंट पोटाकडं जवळजवळ फिरकतच नाही. चारही हातापायाला पकडणारं मशीन घेतलं तरी धड एवढं जाड आहे की त्याचा रेझिस्टन्स सगळ्या शरीराच्या दहाव्या हिश्श्याएवढाच, बाकी सगळं बारीक हातापायाचं. म्हणजे जी ढेरी बघायला तुम्ही उभे राहता तीच मशीनला सगळ्यात कमी दिसते. सकाळ-संध्याकाळचा फरक पाणी, घाम, जेवण याचा. भडंगवर आळ घेऊ नका.

@शंकेखोर, आता एमआरआय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

ईआयटीचं दुखणं हे की सगळी मोजमापं बाहेरच्या कातडीवर. आतून कुणी बातमी देणारा नाही. तर १९८९ मध्ये टोरोंटोत जॉय, स्कॉट आणि हेंकेलमन या तिघांनी करून दाखवलं की शरीरातून करंट चालू असताना त्याच वेळी एमआरआय काढला तर करंट आत कुठून गेला ते एमआरआयच सांगतो. कसं ते बघा. करंट वाहिला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे दहावीचं. एमआरआयमध्ये पाण्यातले हायड्रोजनचे प्रोटॉन मोठ्या चुंबकाच्या तालावर फिरत असतात, ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनमध्ये सेकंदाला जवळजवळ १२.८ कोटी फेरे. करंटमुळं त्या जागचं क्षेत्र किंचित वाढलं तर तिथले प्रोटॉन किंचित पुढं जातात, कमी झालं तर मागं पडतात. एमआरआयच्या सिग्नलला जशी उंची असते तसा कोनही असतो, त्यालाच फेज म्हणतात. डॉक्टर बघतात ते उंचीचं चित्र, कोनाचं बहुतेक वेळा कुणी बघत पण नाही. मी तेच बघतो, म्हणून हा आयडी.

आता आकडा ऐका. डोक्याला १-२ मिलीअँपिअर करंट दिला तर आत तयार होणारं क्षेत्र नॅनोटेस्लात. १ नॅनोटेस्ला म्हणजे आपल्या इथल्या पृथ्वीच्या चुंबकाचा साधारण चाळीस हजारावा भाग, आणि ते मोजायचं ३ टेस्लाच्या पोटात बसून. ३० मिलिसेकंद करंट चालू ठेवला तर फेज सरकते किती, तर अर्धा अंश. घड्याळात मिनिटकाटा पाच सेकंदात जेवढा सरकतो तेवढा.

एवढं बारीक मोजायला मामांचीच दुसरी युक्ती लागते. मामा रीडिंग घेताना करंट एकदा सुलट एकदा उलट का सोडता ते सांगा बघू इथं.

---

पाणीवाले_अण्णा

जमिनीचं स्वतःचं पण थोडं व्होल्टेज असतंय. सळई मातीत गेली की बॅटरीसारखं काहीतरी होतंच. नुसतं सुलट घेतलं तर ते त्यात मिसळतंय. उलट-सुलट घेऊन वजाबाकी केली की जमिनीचं आपोआप कटतं आणि आपल्या करंटचं तेवढं राहतं. बरोबर?

---

फेजवाला

अगदी बरोबर. आमच्याकडं पण फेजमध्ये शंभर घोटाळे, चुंबक एकसारखं नसतं, नाकाच्या पोकळीजवळ हवा-हाडाची हद्द असते, कॉइलचा स्वतःचा कोन असतो. हे घोटाळे करंटच्या अर्ध्या अंशापुढं डोंगराएवढे. म्हणून एक चित्र सुलट करंटचं, एक उलट करंटचं, वजाबाकी केली की घोटाळे जातात आणि करंटचा भाग दुप्पट होऊन मिळतो. उरतो तो नॉईज, म्हणजे मोजमापातली खरखर, आणि त्यावर इलाज म्हणजे परत परत मोजून सरासरी, म्हणजे वेळ, म्हणजे पेशंटनं हलायचं नाही.

आणखी एक अडचण होती. एमआरआयला चुंबकीय क्षेत्राचा एकच भाग दिसतो, बोगद्याच्या लांबीच्या दिशेचा. बाकीचे दोन बघायचे तर माणसाला बोगद्यात आडवा-उभा फिरवायला पाहिजे, जे होणे नाही. सुरुवातीची कामं म्हणूनच डबीत भरलेल्या जेलवर किंवा छोट्या नमुन्यावर अडकली. मग कोरियात जिन क्यून सो आणि उंग जे वू यांच्या टीमनं २००३ मध्ये असं गणित काढलं की त्या एकाच भागावरून वाहकतेचं चित्र बनतं, फक्त करंट दोन वेगळ्या दिशांनी द्यायचा. तिथून हा विषय खरा पळायला लागला. याचं नाव एमआर-ईआयटी. मी यातलाच, सगळ्यात कंटाळवाण्या भागात आहे, नॉईज कमी करणे.

---

एमआरआय_टेक_ताई

मी मिरजेत एमआरआयला आहे, नाव-गाव विचारू नका. वाचताना अंगावर काटा आला. आम्ही पेशंटच्या कानातलं, केसातली पिन, ब्लाऊजचं हूक काढायला लावतो आणि तुम्ही डोक्याला वायरी लावून आत घालता? ईसीजीची वायर जरा वेटोळं होऊन अंगाला चिकटली तर भाजल्याच्या केसेस ट्रेनिंगमध्ये दाखवतात. आणि २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन माणूस आत गेला तेव्हा काय झालं ते विसरलात का. आजही नातेवाईक म्हणतात मशीन बंद आहे ना मग जातो की आत. चुंबक बंद नसतंच हो कधी, वीज गेली तरी चालू असतं, हेलियममध्ये उणे २६९ डिग्रीला बुडवलेल्या तारा आहेत त्या.

---

फेजवाला

ताई तुमची भीती शंभर टक्के रास्त, आमच्या लॅबमध्ये पण तुमच्यासारखी एक बाई आहे जिच्या परवानगीशिवाय दार उघडत नाही. इलेक्ट्रोड धातूचे घेत नाही, कार्बनचं रबर. वायरी वेटोळं न करता सरळ बोगद्याच्या मधोमधून बाहेर, अंग आणि वायर यांच्यात पॅड. रेडिओ लहरी वायरीतून शिरू नयेत म्हणून फिल्टर आणि मधे रेझिस्टर. करंट देणारा डबा खोलीच्या बाहेर, आणि तो स्कॅनरच्या तालावर चालतो, पल्स पडला की लगेच करंट, सिग्नल वाचायच्या आत बंद. माणसांवर १-२ मिलीअँपिअरच्या वर कुणी सहसा जात नाही, आणि एवढा करंट डोक्याला देऊन डिप्रेशनवगैरेवर वर्षानुवर्षं प्रयोग चाललेत, टीडीसीएस म्हणतात त्याला. कवटी वीज फार कमी नेते, त्यामुळं बराचसा करंट कातडीतूनच बाहेरच्या बाहेर पळतो. नेमका मेंदूत किती जातो आणि कुठं जातो हे कॉम्प्युटरवर मॉडेल करून सांगतात, आम्ही ते प्रत्यक्ष मोजायला बघतोय. माझ्या मते सध्या या टेक्निकचा सगळ्यात सरळ उपयोग हाच. कॅन्सर शोधेल, अमुक करेल, हे नंतरचं.

---

शंकेखोर_सांगलीकर

सरळ विचारतो. एमआरआयमध्ये मेंदूची सुरकुती न सुरकुती दिसते. वाहकता कळून जास्तीचं काय मिळणार? आणि सांगली-मिरजेत, नाहीतर पुण्या-मुंबईत, कुठल्या दवाखान्यात हे तुमचं एमआर-ईआयटी चालतं?

---

फेजवाला

दवाखान्यात कुठंच नाही. पुण्यात नाही आणि अमेरिकेतही रोजच्या कामात नाही, लॅबमध्ये आहे. उगाच फुगवून सांगण्यात अर्थ नाही.

जास्तीचं काय ते मात्र आहे. एमआरआयला दिसतं पाणी आणि ते कशाला बांधलंय ते. वाहकतेला दिसतात पाण्यातले क्षार आणि त्यांना फिरायला मोकळी जागा किती आहे ते. मेंदूभोवतीचा द्रव मीटरला साधारण २ सीमेन्स (वाहकतेचं एकक), रक्त ०.७ च्या आसपास, चरबी ०.०४ किंवा त्याहून कमी. एवढा फरक एमआरआयच्या नेहमीच्या चित्रात क्वचित मिळतो.

आणि पेशीचं आवरण हा तर वेगळाच मामला. ते चरबीचं पातळ पापुद्रं, वीज अडवतं, पण दोन्ही बाजूला क्षाराचं पाणी म्हणून कपॅसिटर बनतो. कमी फ्रिक्वेन्सीचा करंट आत शिरू शकत नाही, पेशींच्या मधल्या फटींतून वाट काढतो. फ्रिक्वेन्सी वाढवली की आवरण ओलांडून आरपार. आता समजा मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, पेशी सुजल्या, मधल्या फटी चिंचोळ्या झाल्या. कमी फ्रिक्वेन्सीचा करंट अडणार, जास्त फ्रिक्वेन्सीच्या करंटला तेवढा फरक पडणार नाही. म्हणजे दोन फ्रिक्वेन्सीला मोजलं तर सूज पेशीच्या आत आहे का बाहेर हे कळायला पाहिजे.

दुसरी एक टेक्निक आहे ती मला जास्त व्यवहारी वाटते, माझी स्वतःची नसूनही. तिच्यात इलेक्ट्रोड नाही, वायर नाही, ताई खूश. एमआरआय मशीन स्वतःच रेडिओ लहर सोडतं ना, ती शरीरातून जाताना वाहकतेप्रमाणं वाकडी होते. ती किती वाकडी झाली ते मोजायचं आणि उलटं गणित करायचं. कल्पना १९९१ पासूनची, पण जर्मनीत फिलिप्सच्या उलरिख काट्शर यांनी २००९ मध्ये ती माणसावर चालवून दाखवली. एमआर-ईपीटी. नेहमीच्या मशीनवर होते, फक्त सॉफ्टवेअर. तोटा म्हणजे फ्रिक्वेन्सी मशीनचीच, १.५ टेस्लाला ६४ मेगाहर्ट्झ, ३ ला १२८, त्यामुळं पेशीचं आवरण तिला जवळजवळ दिसतच नाही. शिवाय गणितात चित्राचा दोनदा डेरिव्हेटिव्ह घ्यावा लागतो, दर वेळी नॉईज वाढतो, आणि दोन अवयवांच्या हद्दीवर तर उत्तर साफ चुकतं. मेंदूच्या गाठींमध्ये वाहकता वाढलेली बऱ्याच जणांना दिसलीय, पण त्या एका आकड्यावर ऑपरेशन ठरवायला कुठलाही सर्जन तयार होणार नाही आणि होऊ पण नये.

---

पॅथॉलॉजी_कुपवाड

अवांतर: आमच्या लॅबचं सेल काउंटर मशीन इम्पिडन्सवरच चालतं, सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीच्या, बऱ्याच रिपोर्टवर बारीक अक्षरात मेथड लिहिलेली असते, कुणी वाचत नाही. बारीक भोकातून मिठाच्या पाण्यात कालवलेलं रक्त ओढायचं, भोकाच्या दोन्ही बाजूला इलेक्ट्रोड, एकेक पेशी भोकातून गेली की करंटला झटका. झटका जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी. वॉलेस कोल्टर, पेटंट १९५३. म्हणजे शंकेखोर, तुम्ही शेवटचा सीबीसी केला असेल तर या टेक्निकवर तुमचा विश्वास बसलेला आहे आधीच.

---

शंकेखोर_सांगलीकर

😀 मान्य.

---

आटपाडीची_सून

एवढं वाचून एकच विचारते. माझ्या सासऱ्यांना पहाटे पॅरालिसिसचा झटका आला. आटपाडीहून मिरजेला पोचायला दोन तास, तिथं सीटी झाल्यावर सांगितलं की गुठळी आहे, रक्तस्राव नाही, पण गुठळी विरघळायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली. हे करंटचं मशीन अँब्युलन्समध्ये ठेवता येणार नाही का? गुठळी का रक्तस्राव एवढंच सांगितलं तरी पुरे की.

---

भूलतज्ज्ञ_मिरज

ताई वाईट वाटलं. तुमचा प्रश्न नेमका आहे. ते इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, पण आत रक्तस्राव असताना दिलं तर पेशंट दगावू शकतो, म्हणून आधी सीटी. पहाटे झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर झटका नक्की किती वाजता आला तेच कळत नाही, तिथं पण वेळ जाते. अँब्युलन्समध्ये सीटी बसवायचे प्रयोग बाहेर झालेत, महागडे आहेत. ईआयटीचं फेजवाला सांगतील.

---

फेजवाला

यावर लंडनला डेव्हिड होल्डर यांच्या ग्रुपनं खूप वर्षं काम केलंय, नेमक्या याच प्रश्नावर. रक्त चांगलं वाहक, रक्त न पोचलेला भाग वाईट वाहक, म्हणजे फरक उलट्या दिशेचे, कागदावर सोपं दिसतं. अडतं ते कवटीवर, करंट आत जातच नाही धड. आणि दुसरं म्हणजे फुफ्फुसात आपण श्वासाच्या आधीचं आणि नंतरचं बघतो, वजाबाकी मिळते. झटका आलेल्या माणसाचं झटक्याआधीचं रीडिंग कुठून आणणार? म्हणून एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला मोजून त्यांच्यातला फरक बघायचा प्रयत्न करतात, पण डोक्याचा आकार, इलेक्ट्रोड अर्धा सेंटिमीटर इकडंतिकडं, एवढ्यानं सगळं बिघडतं. आज अँब्युलन्समध्ये ठेवण्यासारखं काही नाही. चेहरा वाकडा, हात उचलेना, बोलणं अडखळलं की घरगुती काही न करता थेट सीटी असलेल्या मोठ्या दवाखान्यात, वाटेत फोन करून, एवढंच सध्या हातात आहे.

---

पाणीवाले_अण्णा

कवटीचं ऐकून आमचा काळा पाषाण आठवला. वरचा थर कडक असला की करंट आतच घुसत नाही, रीडिंग नाचतंय. आणि उलटं पण होतं, चिकणमातीचा नाहीतर खारं पाणी मुरलेला थर असला की रीडिंग मस्त खाली येतं, माणूस खूश होतो आणि तीनशे फूट मारून बोअर कोरडी. म्हणून मी मीटरच्या आधी आजूबाजूच्या विहिरी आणि जुन्या बोअर बघतो, कुठं किती फुटावर लाल थर लागला ते विचारतो. नुसत्या मीटरवर पाणी सांगणारा आणि नारळावर सांगणारा यात मला फार फरक वाटत नाही.

---

फेजवाला

मामा, एमआरआय आमच्यासाठी तेच करतो. आजूबाजूच्या विहिरी. कवटी कुठं, द्रव कुठं, हे आधी माहीत असलं की करंटच्या गणिताला लगाम बसतो.

---

ईअँडटीसी_तिसरं_वर्ष

सर मी सांगलीतच इंजिनीअरिंगला आहे. मिनी प्रोजेक्टला ईआयटी करायचं म्हणतोय. प्लास्टिकचा टब, १६ स्टीलचे स्क्रू, आर्डुइनो, दोन मल्टिप्लेक्सर. ५० किलोहर्ट्झ ठेवू का? आणि शेवटी मित्राच्या हाताला लावून डेमो दाखवायचा विचार आहे.

---

फेजवाला

हाताला अजिबात नाही. यूएसबीनं लॅपटॉपला आणि लॅपटॉप चार्जरला जोडलेला सर्किट माणसाला लावायचा नाही, आयसोलेशन, म्हणजे घरच्या विजेपासून सर्किट पूर्ण वेगळं ठेवणं, हा स्वतंत्र विषय आहे, मिनी प्रोजेक्टमध्ये होत नाही. टबातच कर.

५० किलोहर्ट्झ आर्डुइनोच्या एडीसीला, म्हणजे व्होल्टेज वाचून आकडा करणाऱ्या भागाला, झेपणार नाही. मिठाच्या पाण्यात पेशी नाहीत त्यामुळं १ किलोहर्ट्झनं पण तेच चित्र येईल, तिथून सुरू कर. डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, मात्र नको, स्क्रूवर बुडबुडे येतील आणि रीडिंग वाहवत जाईल. नळाच्या पाण्यात लिटरला दोन-तीन ग्रॅम मीठ टाक, आधी मोकळ्या टबाचं पूर्ण २०८ चं रीडिंग घेऊन ठेव, मग वस्तू ठेवून परत घे, वजाबाकीचंच चित्र काढ. सॉफ्टवेअर आयडॉर्स म्हणून फुकट आहे, ऑक्टेव्हमध्ये चालतं. पाण्याची उंची दोन्ही वेळा सारखी पाहिजे, वस्तू टाकली की पाणी चढतं हे सगळे विसरतात.

---

ईअँडटीसी_तिसरं_वर्ष

सर झालं! आधी प्लास्टिकचा ग्लास उपडा ठेवला, निळा डाग बरोबर जागी आला. मग सोललेली काकडी उभी धरली तर डाग आला, पण टबाच्या कडेला अजून एक भुताटकी डाग येतोय, वस्तू हलवली तरी तो तिथंच.

---

फेजवाला

वस्तू हलवून हलत नसेल तर तो पाण्यात नाही, इलेक्ट्रोडवर आहे. डाग कुठल्या स्क्रूजवळ आहे?

---

ईअँडटीसी_तिसरं_वर्ष

७ नंबर. नट ढिला होता आणि आतून हिरवट गंज पण. काढून घासून बसवला, भूत गेलं. काकडी मधोमध नेली की मात्र डाग फुगून बटाटा होतो, कडेला आणली की बारीक. गाईड म्हणतात रिझोल्यूशन वाढव.

---

फेजवाला

गाईडना सांग १६ इलेक्ट्रोडमध्ये मधोमध बटाटाच येणार. ३२ कर, थोडा लहान बटाटा येईल.

---

पाणीवाले_अण्णा

स्टीलचे स्क्रू ३१६ ग्रेडचे घे, मार्केट यार्डाजवळ मिळतील, साधे परत गंजतील. आणि पोरा, रविवारी मोकळा असशील तर जतला चल, सळया ओढायला एक माणूस पाहिजेच आहे, भाचा मंगळवारी परत चाललाय.

---

ईअँडटीसी_तिसरं_वर्ष

येतो काका. किती वाजता निघायचं?

---

पाणीवाले_अण्णा

सहाला विश्रामबाग चौकात. टोपी आण. व्यक्तिगत निरोप करतो.